‘कन्व्हेन्शनल फिजिओथेरपी दिली’ म्हणजे नक्की काय दिलं?

पुनर्वसनातलं पहिलं संशोधन लिहिणाऱ्यांसाठी, सिनॉप्सिसपासून पेपरपर्यंत

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये (थिसिसच्या सुरुवातीच्या आराखड्यात) ‘दोन्ही गटांना कन्व्हेन्शनल फिजिओथेरपी देण्यात येईल’ असं वाक्य असेल, तर ते आजच खोडा. मीही लिहिलं होतं. गाइडने सही केली, समितीने मंजुरी दिली, व्हायवात परीक्षकांनी त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. मेडिकल चौकातून थिसिस सोनेरी अक्षरांत बांधून आला, पुढे पेपरही छापून आला. दोन वर्षांनी परदेशातल्या एका अनोळखी बाईंचा ईमेल आला. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर व्यायामाचे जेवढे अभ्यास झाले, ते सगळे त्या एकत्र करत होत्या. त्यांचे चार प्रश्न होते. कंट्रोल गटाला, म्हणजे तुलनेसाठीच्या गटाला, कोणते व्यायाम दिले? तक्त्यात ± च्या पुढे आहे ती एसडी (रुग्णारुग्णांतला फरक) की एसई (सरासरीतली अनिश्चितता)? मधेच सोडून गेलेले नऊ रुग्ण कोणत्या गटातले? गट ठरवायच्या चिठ्ठ्या कुणी काढल्या?

पहिल्याचं उत्तर आठवून आठवून दिलं. बाकीच्यांसाठी रजिस्टर लागत होतं, आणि ते घर बदलताना रद्दीत गेलं होतं. त्यांच्या रिव्ह्यूत, म्हणजे त्या एकत्रित आढाव्यात, माझा अभ्यास आज परिशिष्टात आहे, ‘माहिती अपुरी’ या कारणासाठी वगळलेल्यांच्या यादीत. साठ रुग्ण, नागपूरचा उन्हाळा, बंद पडलेला कूलर, सगळं त्या एका ओळीत संपलं.

पुढे मी स्वतः एका रिव्ह्यूच्या टीममध्ये काम केलं आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पेपर वाचायला लागले. तेव्हा कळलं की माझ्यासारखे पुष्कळ आहेत. अभ्यास वाईट नसतो, तो लिहिलेला नसतो.

गोळीच्या अभ्यासात औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा एवढं लिहिलं की बरंचसं भागतं. आपल्याकडे उपचार म्हणजे थेरपिस्टचा हात, रुग्णाची मेहनत, वजनाचा कफ, घरची सतरंजी आणि ‘अजून पाच वेळा करा काका’ हे सगळं मिळून. असे रिव्ह्यू करणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये पुनर्वसनासाठी वेगळा विभाग काढला, आणि पुनर्वसनाच्या चाचण्या कशा लिहाव्यात यासाठी वेगळी चेकलिस्ट हवी म्हणून त्या विभागाने स्वतंत्र प्रकल्पही हाती घेतला. ती हातात नसली तरी आज आहेत त्या साधनांत नव्वद टक्के काम होतं.

आधी हे जमवा

- एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र, तारखेसह
- सीटीआरआय या भारतीय नोंदणीस्थळावर स्वतःचं खातं
- तुमच्या अभ्यासाच्या प्रकाराची चेकलिस्ट (पायरी १)
- दोन रजिस्टरं: एक आलेल्या प्रत्येक रुग्णाचं, दुसरं प्रत्येक सत्राचं
- अपारदर्शक लिफाफे
- मोजमापाच्या प्रश्नावल्या, ज्या भाषेत वापरणार त्या भाषेत, आणि लागत असेल तिथे मूळ हक्कधारकाची परवानगी
- तुमच्या अभ्यासाशी काही संबंध नसलेला एक इंटर्न. तो कशाला, ते शेवटच्या पायरीत.

१. चेकलिस्ट आज उतरवा, पेपर लिहिताना नको

संशोधन कसं लिहावं यावर काम करणाऱ्या इक्वेटर नेटवर्कच्या संकेतस्थळावर सगळ्या चेकलिस्ट फुकट मिळतात. रँडमाइज्ड चाचणी (कोण कोणत्या गटात हे योगायोगावर सोडलेली) असेल तर कॉन्सॉर्ट. निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, एका रुग्णाच्या केस रिपोर्टला केअर, आणि तुम्ही स्वतःच रिव्ह्यू करणार असाल तर प्रिझ्मा २०२०.

सापळा इथूनच सुरू होतो. सिनियरच्या थिसिसला जोडलेली कॉन्सॉर्टची यादी बहुतेक २०१० ची, २५ मुद्द्यांची असते. आता २०२५ ची आवृत्ती आहे आणि तिच्यात ३० मुद्दे आहेत. ती घ्या.

आपल्या कामासाठी कॉन्सॉर्ट एकटी पुरत नाही. तिच्या जोडीला टायडियर (२०१४, १२ मुद्दे) कुठल्याही उपचाराचं वर्णन कसं करायचं ते सांगते, आणि सर्ट (२०१६, १६ मुद्दे) खास व्यायामासाठी आहे. या दोन यादींची प्रिंट काढून ओपीडीच्या टेबलावर काचेखाली ठेवा. बहुतेक जण चेकलिस्ट जर्नलने मागितली म्हणून पेपर पाठवायच्या आदल्या रात्री भरतात आणि ‘पान ४’, ‘पान ६’ असे आकडे टाकून मोकळे होतात. तोवर फार उशीर झालेला असतो. सत्र कुणी घेतलं हे त्या दिवशी टिपलं नसेल, तर वर्षभराने कुठून आणणार?

२. पहिल्या रुग्णाच्या आधी नोंदणी

सीटीआरआय २००७ पासून आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त अभ्यास सुरू होण्याआधीची नोंदणी घेतात. पहिला रुग्ण घेऊन झाल्यावर ‘आता नोंदवून टाकू’ हे चालत नाही. नोंदणीला पैसे लागत नाहीत. पीजी थिसिस आहे का, असा रकानाही त्या फॉर्ममध्ये आहे, तेव्हा ‘हे मोठ्या कंपन्यांसाठी असतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

वेळेचा हिशेब मात्र लावा. कमिटीची बैठक, त्यांच्या शंका, दुरुस्त्या, मग सीटीआरआयच्या शंका. एमपीटीच्या (फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) दोन वर्षांतले कित्येक महिने इथेच जातात. म्हणून सिनॉप्सिस मंजूर होण्याची वाट पाहतानाच फॉर्मचा मसुदा तयार ठेवा.

नोंदणीत सगळ्यात महत्त्वाचा रकाना प्रायमरी आउटकमचा, म्हणजे ज्यावर निकाल ठरणार त्या मुख्य मोजमापाचा. तिथे ‘पेन’ एवढंच लिहू नका. ‘गेल्या २४ तासांतली चालतानाची वेदना, ० ते १० अंकांच्या पट्टीवर, चौथ्या आठवड्याच्या शेवटी’ असं लिहा. रिव्ह्यू करणारे तुमचा पेपर आणि नोंदणी शेजारी ठेवून वाचतात. नोंदणीत वेदना प्रायमरी आणि पेपरात अचानक चालण्याचा वेग प्रायमरी झाला असेल, तर ‘जे चांगलं आलं ते पुढे केलं’ हा संशय येतो. आउटकम खरंच बदलावा लागला असेल तर नोंदणी दुरुस्त करा आणि का बदलला ते पेपरात एका वाक्यात सांगा. लपवलेला बदल महागात पडतो. सांगितलेल्या बदलावर फारसं कुणी अडत नाही.

३. उपचार असा लिहा की गोंदियातल्या थेरपिस्टला तो उद्या देता येईल

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

माझ्या थिसिसमधलं वाक्य जसंच्या तसं असं होतं: ‘अ गटाला मोबिलायझेशन व कन्व्हेन्शनल फिजिओथेरपी आणि ब गटाला फक्त कन्व्हेन्शनल फिजिओथेरपी आठवड्यातून तीन वेळा, चार आठवडे देण्यात आली.’

यातून रिव्ह्यू करणाऱ्याला काय कळलं? बारा सत्रं झाली असावीत. बस. मोबिलायझेशन (हाताने सांधा हलवणं) कोणतं, कोणत्या ग्रेडचं, किती वेळ? ‘कन्व्हेन्शनल’मध्ये शॉर्टवेव्ह होतं की गरम शेक, की नुसतं क्वाड्रिसेप्सचं आकुंचन? एका कॉलेजची कन्व्हेन्शनल म्हणजे टेन्स (वेदनेसाठी हलका विद्युतप्रवाह) आणि तीन व्यायाम, दुसऱ्याची म्हणजे आयएफटी (दुसऱ्या प्रकारचा विद्युतप्रवाह) आणि सात व्यायाम. अशा पाच अभ्यासांतले कंट्रोल गट एकत्र करणं म्हणजे पाच घरचं वरण एका पातेल्यात ओतून त्याची चव सांगणं.

तेच एका व्यायामापुरतं नीट लिहिलं तर कसं दिसतं, त्याचा हा नमुना:

‘रुग्ण खुर्चीच्या कडेला, गुडघा ९० अंशांत वाकवून बसला. घोट्याला वजनाचा कफ बांधून गुडघा पूर्ण सरळ केला, दोन सेकंद धरला, तीन सेकंदांत हळूहळू खाली आणला. दर सोमवारी १० आरएम (जेमतेम दहा वेळा उचलता येणारं वजन) मोजून त्याच्या ५०, ७५ आणि १०० टक्के वजनाने दहा-दहा वेळांचा एकेक सेट, सेटमध्ये एक मिनिट विश्रांती. व्यायामानंतर वाढलेली वेदना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकली तर पुढच्या सत्रात आधीच्या आठवड्याचं वजन वापरलं. सत्रं वैयक्तिक होती. एमपीटी दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांनी ती घेतली आणि सुरुवातीला दोघांनी मिळून तीन रुग्णांवर पद्धत एकसारखी करून घेतली.’

शंभराच्या आत शब्द. पण आता हे कुणालाही करता येईल, आणि मेटा-अ‍ॅनालिसिस (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र) करणाऱ्याला हा अभ्यास ‘वजन वाढवत नेलेला ताकदीचा व्यायाम’ या खान्यात टाकता येईल. नाहीतर तो ‘इतर’मध्ये पडतो.

लिहायला हमखास विसरतात त्या गोष्टी:

*वाढ कशी केली.* ‘रुग्णाच्या क्षमतेनुसार वाढवले’ हे वाक्य प्रत्येक थिसिसमध्ये असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. वाढवण्याचा नियम लिहा. नियम नव्हता, अंदाजाने वाढवलं, तर तसंच लिहा. प्रामाणिक अंदाज खोट्या नियमापेक्षा बरा.

*यंत्रांचे आकडे.* अल्ट्रासाउंड दिला तर किती मेगाहर्ट्झ, सलग की पल्स्ड, तीव्रता, किती मिनिटं, केवढ्या जागेवर. टेन्सला फ्रीक्वेन्सी, पल्सची रुंदी आणि रुग्णाला काय जाणवेपर्यंत वाढवला. इलॅस्टिक बँडचा नुसता रंग सांगून भागत नाही, कंपनी बदलली की त्याच रंगाचा ताण बदलतो. बँडची कंपनी लिहा.

*कुणी दिलं.* आपल्याकडे खरं उत्तर अनेकदा ‘इंटर्नने’ असं असतं. लाजू नका. खऱ्या जगात उपचार तोच देणार आहे.

*घरचे व्यायाम आणि ते झाले का.* कागद दिला, व्हिडिओ पाठवला, की तोंडी सांगितलं? रुग्णाने किती दिवस केले ते कसं कळलं? डायरी, फोन, की पुढच्या वेळी ‘केले का हो?’ असं विचारून? ‘हो मॅडम, रोज करतो ना’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता डायरीवरच्या टिकाही एकाच पेनने, एकाच बैठकीत केल्यात का ते बघते. बारापैकी सरासरी किती सत्रांना रुग्ण आला हा आकडा तरी नक्की द्या, तो तुमच्याच रजिस्टरात आहे.

*आजूबाजूची परिस्थिती.* आमच्या ओपीडीत बालाघाट आणि छिंदवाड्याहून येणारे, चंद्रपूरहून पहाटेच्या गाडीने येणारे रुग्ण होते. जमिनीवर मांडी घालून जेवणारे, उकिडवं बसून निंदण करणारे. गुडघ्याच्या अभ्यासात हे लिहिणं म्हणजे पाल्हाळ नव्हे. जो दिवसाचे सहा तास उकिडवा बसतो त्याचा गुडघा आणि ऑफिसच्या खुर्चीतला गुडघा यांना एकच व्यायाम सारखाच लागू पडेल का, हे ठरवायला वाचणाऱ्याला हीच माहिती लागते. पुराव्याची खात्री ठरवताना ग्रेड पद्धतीत ‘हा पुरावा आपल्या रुग्णांना थेट लागू होतो का’ हा स्वतंत्र निकष आहे.

जर्नलची शब्दमर्यादा आडवी येते, खरं आहे. मग पूर्ण प्रोटोकॉल पुरवणी फाइल म्हणून जोडा, किंवा झेनोडोसारख्या मोफत साठ्यावर टाकून त्याचा डीओआय (कायमचा ऑनलाइन क्रमांक) पेपरात द्या.

आणि एक नवा रोग. सिमिलॅरिटीचा (इतरांच्या मजकुराशी साम्याचा) टक्का कमी करायला पोरं शब्द बदलणारं सॉफ्टवेअर वापरतात आणि मेथड्सचा भुगा होतो. ‘सीलबंद अपारदर्शक लिफाफे’ याचं ‘आरपार न दिसणारी बंद आवरणं’ झालेलं मी पाहिलंय. तांत्रिक शब्द सगळ्यांचा सारखाच असणार. तो बदलायचा नसतो. टक्का वाढला तर गाइडकडून लेखी स्पष्टीकरण घ्या.

४. कंट्रोल गटालाही तेवढ्याच ओळी

वरचं सगळं ब गटालाही लागू. नवीन उपचारावर दीड पान आणि कंट्रोलवर अर्धी ओळ, हे फार दिसतं. अ गटाला ब गटापेक्षा वीस मिनिटं जास्त मिळाली असतील तर फरक मोबिलायझेशनने पडला की वीस मिनिटांच्या आपुलकीने, हा प्रश्न येणारच. दोन्ही गटांचा एकूण संपर्काचा वेळ लिहा.

५. चिठ्ठ्या, लिफाफे आणि ‘डबल ब्लाइंड’

ओपीडी नंबर सम-विषम, एक सोडून एक, सोमवारचे अ आणि मंगळवारचे ब: यातलं काहीही रँडम नाही. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे आधीच कळतं आणि नकळत हात वळतो. ‘बिचाऱ्या आजी लांबून आल्यात, यांना नवीन उपचार मिळू दे’ एवढं मनात आलं तरी पुरे.

दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या असतात. क्रम कसा बनवला (संगणकाने, किती आकाराचे ब्लॉक, म्हणजे किती-किती रुग्णांच्या तुकड्यांत गट समान ठेवले) आणि तो कसा लपवला (क्रमांक टाकलेले, सीलबंद, अपारदर्शक लिफाफे, आणि ते कुणाकडे होते). माझ्या पेपरात ‘चिठ्ठी पद्धतीने’ एवढंच होतं. चिठ्ठी डब्यातून रुग्णाने काढली की मी काढली, आणि नको ती निघाल्यावर परत टाकता येत होती का, काहीच कळत नव्हतं.

फिजिओथेरपीच्या चाचण्यांचा दर्जा मोजणारी पेड्रो स्केल माहीत असेलच. ११ मुद्दे, पहिला गुणांत धरत नाहीत, म्हणून दहापैकी गुण. त्या स्केलचा नियम असा की लिहिलेलं शब्दशः वाचून निकष पूर्ण झाल्याचं स्पष्ट दिसलं तरच गुण. तुम्ही लिफाफे वापरले पण लिहिले नाहीत, तर त्या मुद्द्याचा गुण शून्य.

‘डबल ब्लाइंड’ हा शब्द टाळा. रुग्णाला व्यायाम करतोय हे कळतंच, देणाऱ्यालाही कळतं. त्याऐवजी कुणाला काय माहीत नव्हतं ते सांगा: ‘मोजमाप घेणाऱ्याला गट माहीत नव्हता.’ त्यालाही भोकं पडतात. आमच्याकडे मोजायला आलेल्या सहकाऱ्याला एका काकांनी बसल्याबसल्या सांगून टाकलं, ‘मी तं थो पट्टेवाला व्यायाम करतो, म्याडम.’ संपलं ब्लाइंडिंग. तेव्हापासून मोजमापाच्या आधी रुग्णाला ‘आत काय उपचार चाललाय ते सांगू नका’ असं सांगायचं ठरवलं, आणि किती वेळा फुटलं तेही लिहायचं.

६. मोजमाप: पट्टी, दिशा, भाषा, वेळ

चार गोष्टी प्रत्येक आउटकमसमोर लिहा.

पट्टी: ० ते १० की ० ते १००. दिशा: जास्त म्हणजे बरं की वाईट. लायकर्ट पट्टीवरच्या (‘अजिबात नाही’ ते ‘खूप’ असे पर्याय असलेल्या) वोमॅक प्रश्नावलीची बेरीज ० ते ९६ असते आणि जास्त म्हणजे वाईट. कूस प्रश्नावलीत ० ते १०० आणि जास्त म्हणजे बरं. दोन्ही गुडघ्यासाठीच. दिशा लिहिली नाही तर एकत्र करणाऱ्याकडून तुमचा अभ्यास उलटा धरला जाऊ शकतो, म्हणजे तुमच्या उपचाराने रुग्ण बिघडले असं दिसेल.

भाषा: नागपुरात अर्धी ओपीडी हिंदी बोलते. मराठी आवृत्ती किती जणांना, हिंदी किती जणांना, आणि वाचता न येणाऱ्यांना प्रश्न कुणी वाचून दाखवले? ती आवृत्ती तपासलेली होती की तुम्हीच भाषांतर केलं? स्वतः केलं असेल तर तसं लिहा.

वेळ: ‘उपचारानंतर’ म्हणजे शेवटच्या सत्राच्या दिवशी, टेबलावरून उतरल्याउतरल्या, की दोन दिवसांनी? शेकल्यानंतर पाच मिनिटांनी घेतलेली वेदना कमीच येणार.

७. आकडे: एक ± आणि पाचपट फरक

थोडं गणित, पण घाबरू नका. मी ज्या चुकीत अडकले ती अजूनही दर आठवड्याला कुठल्यातरी पेपरात भेटते.

समजा दोन गटांत प्रत्येकी २५ रुग्ण. वेदनेच्या सरासरीत १.० चा फरक. तक्त्यात लिहिलंय ‘४.२ ± ०.४’. हे ०.४ म्हणजे काय ते कुठेच नाही. ती एसडी असेल तर प्रमाणित फरक १.० ÷ ०.४ = २.५, म्हणजे अचाट परिणाम. ती एसई असेल तर एसडी = एसई × √एन (एन म्हणजे गटातले रुग्ण) = ०.४ × ५ = २.०, आणि फरक १.० ÷ २.० = ०.५, म्हणजे मध्यम. त्याच अभ्यासाचा परिणाम पाचपट फुगला, एका न लिहिलेल्या शब्दामुळे. रिव्ह्यू करणारा असा आकडा बघितला की आधी शंका घेतो, मग ईमेल करतो, आणि उत्तर आलं नाही की वगळतो.

म्हणून तक्त्याच्या मथळ्यातच ‘सरासरी (एसडी)’ लिहा. ± चिन्ह वापरूच नका. प्रत्येक गटाचा प्रत्येक वेळचा एन द्या. सुरुवातीला ३० आणि शेवटी २४ असतील तर दोन्ही.

*गटांतर्गत सापळा.* ‘अ गटात सुधारणा झाली, पी ०.००१. ब गटात नाही, पी ०.०६. म्हणून अ चांगला.’ हे चूक आहे. (पी म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा किंवा जास्त फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता.) दोन गटांची एकमेकांशी तुलना इथे झालेलीच नाही. हवा तो दोन गटांमधला फरक, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलसह (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ती कक्षा). पाच-सहा बार चार्ट छापायच्या जागेत हा एक आकडा बसवा.

*पी = ०.०००.* एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर असं छापतं, आपण तसंच चिकटवतो. पी शून्य कधीच नसतो. ‘पी < ०.००१’ लिहा. जिथे ०.०३ आलंय तिथे ०.०३ च लिहा, ‘पी < ०.०५’ नको.

*बदलाचे आकडे.* ‘सरासरी ३.१ ने घट’ एवढंच दिलं तर त्या घटीची एसडी सुरुवातीच्या आणि शेवटच्या एसडीवरून थेट काढता येत नाही, दोन वेळांमधला परस्परसंबंध माहीत असावा लागतो. सुरुवात, शेवट आणि बदल, तिन्हींची सरासरी आणि एसडी द्या.

*सुरुवातीच्या तक्त्यातल्या पी व्हॅल्यू.* वय, वजन, लिंग यांच्यापुढे पी देण्याची आपल्याकडे जवळजवळ सक्ती आहे. नीट रँडमाइज केलं असेल तर तिथला फरक योगायोगाचाच असतो, त्याची चाचणी कसली घेता? कॉन्सॉर्टही ते नको म्हणतं. थिसिसमध्ये परीक्षकांसाठी ठेवायच्या तर ठेवा, पेपरातून काढा. (हे मी आमच्या एका सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.)

८. गेलेले रुग्ण

ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी, मग कापूस. ‘म्याडम, कापूस येचाले जा लागते, पुढच्या हप्त्यात येतो.’ तो पुढचा हप्ता येत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की दुपारच्या वेळेला कुणी फिरकत नाही. हे आपलं वास्तव आहे आणि ते लपवायची गरज नाही.

कॉन्सॉर्टच्या प्रवाह-आकृतीत किती तपासले, किती का वगळले, किती प्रत्येक गटात गेले, किती गळाले आणि कशामुळे, हे सगळं येतं. ‘लॉस्ट टू फॉलो-अप: ५’ एवढ्यावर थांबू नका. शेतीच्या कामाने दोन, प्रवास परवडेना म्हणून एक, वेदना वाढली म्हणून दोन. यातलं शेवटचं कारण एकाच गटात असेल तर सगळा निकाल वेगळा वाचावा लागतो. म्हणून न आलेल्याला फोन करा आणि उत्तर त्याच दिवशी रजिस्टरात लिहा.

गळालेल्यांना बाजूला सारून उरलेल्यांवरच विश्लेषण केलं असेल तर त्याला ‘इन्टेन्शन टू ट्रीट’ (ज्या गटात टाकला त्याच गटात प्रत्येक रुग्ण धरून केलेलं विश्लेषण) म्हणू नका. वाचणारा आकृतीतले आणि तक्त्यातले एन जुळवून बघतो. पकडलं जातं.

सॅम्पल साइजचं गणितही लिहून ठेवा: कोणता फरक गृहीत धरला, एसडी कुठल्या अभ्यासातून घेतली, गळती किती टक्के धरली.

९. दुष्परिणाम

‘कोणताही दुष्परिणाम झाला नाही’ लिहिण्याआधी तुम्ही विचारलं होतं का? प्रत्येक सत्राच्या नोंदीत एक रकाना ठेवा: मागच्या वेळेनंतर काही त्रास? स्नायू दुखले, चक्कर आली, कफने त्वचा सोलवटली. न विचारता ‘काही झालं नाही’ आणि विचारून ‘काही झालं नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

१०. शीर्षक आणि सारांश

शोधणाऱ्याला पेपर सापडलाच नाही तर बाकी सगळं वाया. शीर्षकात आजार, उपचार आणि ‘रँडमाइज्ड’ हा शब्द हवा. सारांशात सीटीआरआय क्रमांक, प्रायमरी आउटकमचा गटांमधला फरक आणि एन हवेत. शाब्दिक करामती टाळा. पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्या जर्नलच्या ईमेलना उत्तर देऊ नका. आधी ते जर्नल कोणत्या डेटाबेसमध्ये येतं ते स्वतः त्या डेटाबेसवर जाऊन तपासा, जर्नलच्या पानावरच्या लोगोंवर जाऊ नका.

११. पाठवण्याआधी इंटर्नची परीक्षा

आता तो इंटर्न बोलवा. त्याला मेथड्सची पानं द्या, बाकी काही नाही. एका मित्राला रुग्ण करा आणि म्हणा, ‘अ गटाचं तिसऱ्या आठवड्याचं पहिलं सत्र घे.’ तुम्ही कोपऱ्यात गप्प बसा. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल, तिथे पेपरात भोक आहे. माझ्या एका ज्युनियरच्या लेखात इंटर्न सात वेळा थांबला. पहिला प्रश्न होता, ‘मॅडम, कोणता पाय?’ दोन्ही गुडघे दुखणाऱ्या रुग्णात व्यायाम एकाला की दोन्हींना, मोजमाप कोणत्या गुडघ्याचं, हे चार जणांनी वाचूनही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नंतर त्याला तर्री पोहे खाऊ घाला, त्याने फुकटात पीअर रिव्ह्यू केलाय.

पत्रव्यवहारासाठी कॉलेजचा विद्यार्थी ईमेल देऊ नका, पास झाल्यावर तो बंद पडू शकतो. पुढची दहा वर्षं उघडाल असा पत्ता द्या आणि त्याचा स्पॅम अधूनमधून बघा, रिव्ह्यूवाल्यांचे ईमेल तिथेच जाऊन पडतात. नावं काढून टाकलेली एक्सेल फाइल, प्रत्येक स्तंभाचा अर्थ सांगणारं एक पान आणि दोन्ही रजिस्टरांचे स्कॅन तीन ठिकाणी ठेवा. डेटा इतरांना द्यायची मुभा कमिटीच्या मंजुरीत आणि रुग्णाच्या संमतीपत्रात आधीच मागून घ्या. आणि फाइलचं नाव ‘फायनल_फायनल_खरंच_फायनल’ ठेवू नका, तारीख घाला.